गाडीविना राष्ट्रीय उद्यान : जाणं आणि फिरणं

  आवाज नीट पोचतोय ना? ठीक.

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांची चिठ्ठी आली होती. त्यांनी लिहिलं होतं, "सर, वय झालं, गाडी चालवणं सोडलं. आता जंगल बघणं संपलंच म्हणायचं का?" चिठ्ठी दोन ओळींची, पण आम्हाला ती लागली. कारण हाच प्रश्न चार वर्षांपूर्वी आमच्या घरात उभा राहिला होता. म्हणून आजचा विषय त्या चिठ्ठीचं उत्तर आहे : गाडी नसताना राष्ट्रीय उद्यान कसं बघावं, आणि मुळात 'बघणं' म्हणजे आपण काय करतो.

आधी एक खुलासा. आज 'आम्ही' म्हणजे आम्ही दोघं पतिपत्नी आणि दोन जुने सहकारी. चौघंही निवृत्त, चौघंही सत्तरीच्या पुढे. गाडी आमच्याच घरी होती, त्यामुळे जिथे जायचं तिथे चौघं त्याच गाडीतून जायचो. मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदूचं निदान केलं. आधी रात्रीचं ड्रायव्हिंग बंद झालं, मग दिवसाचंही. गाडी विकली त्या संध्याकाळी घरात कोणी फारसं बोललं नाही. गाडीचं दुःख नव्हतं हो, दुःख याचं होतं की आता कुठेही जायचं तर कोणाला तरी विचारावं लागणार. म्हातारपण म्हणतात ते बहुतेक याच वळणावर सुरू होतं.

उद्यान आणि गाडी यांची सांगड कशी बसली?

राष्ट्रीय उद्यान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उघडी जीप येते. हे चित्र आलं कुठून? जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान अमेरिकेतलं यलोस्टोन, स्थापना 1872. सुरुवातीची चाळीसेक वर्षं लोक तिथे घोड्यांवरून नाहीतर घोडागाड्यांतून फिरत. मोटारींना परवानगी मिळाली ती 1915 साली. त्यानंतर रस्ते रुंद झाले, वाहनतळ आले, आणि गाडीतून उतरून कठड्यापाशी उभं राहायचं, फोटो काढायचा, पुन्हा गाडीत बसायचं, ही पद्धत रूढ झाली. पुढे याच अमेरिकेत गर्दीने गुदमरून उलट विचार सुरू झाला. झायन नावाच्या उद्यानात 2000 सालापासून हंगामात मुख्य दरीच्या रस्त्यावर खासगी गाड्या बंद आहेत, लोक बसने जातात. म्हणजे गाडीविना उद्यान ही काही गरिबाची तडजोड नव्हे. ज्यांनी गाडी आत नेली, त्यांनीच ती बाहेर काढायलाही सुरुवात केली.

आपल्याकडे पहिलं राष्ट्रीय उद्यान 1936 सालचं, आजचं कॉर्बेट. महाराष्ट्रातलं पहिलं ताडोबा, 1955 सालचं. आज महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत : ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, चांदोली आणि मुंबईच्या कुशीतलं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, म्हणजे आपलं बोरिवलीचं नॅशनल पार्क.

इथे एक फरक स्पष्ट करायला हवा, नाहीतर कोणीतरी हे ऐकून पिशवी घेऊन ताडोबात चालत निघेल. (हशा) व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यात पर्यटकाला पायी फिरता येत नाही, आणि ते योग्यच आहे. तिथे गाडीविना याचा अर्थ इतकाच की चंद्रपूरपर्यंत रेल्वेने जावं, पुढे एसटीने किंवा भाड्याच्या गाडीने प्रवेशद्वार गाठावं, आणि आत सफारीच्या वाहनात इतरांबरोबर बसावं. स्वतःची गाडी तिथे फाटकाबाहेरच उभी राहते, त्यामुळे ती नसल्याने तुमचं फारसं काही बिघडत नाही. बोरिवलीची गोष्ट निराळी. तिथे पायी फिरता येतं. सुमारे 104 चौरस किलोमीटरचं जंगल, आणि त्याच्या दारापर्यंत लोकल जाते. म्हणून आजचं उदाहरण आपण बोरिवलीचं घेऊ.

जाणं आणि फिरणं

आता थोडं तत्त्वज्ञान. घाबरू नका, थोडंच आहे.

ॲरिस्टॉटलने कृतींचे दोन प्रकार केले. काही कृतींचं साध्य त्या कृतीच्या बाहेर असतं. घर बांधणं घ्या. घर पूर्ण झालं की बांधणं संपतं, आणि जोवर बांधणं चालू आहे तोवर घर अपुरंच असतं. याला तो 'किनेसिस' म्हणतो. दुसऱ्या काही कृती क्षणोक्षणी पूर्ण असतात. पाहणं ही तशी कृती. तुम्ही पाहता त्याच क्षणी तुम्ही पाहिलेलं असतं, पाहणं 'पूर्ण व्हायला' तासभर थांबावं लागत नाही. याला त्याचा शब्द 'एनर्गेइया'.

मग चालणं कुठल्या रकान्यात जातं? ॲरिस्टॉटलने ते पहिल्या रकान्यात टाकलं आहे. त्याचं म्हणणं, चालणं म्हणजे इथून तिथे पोचणं, आणि पोचेपर्यंत ते अपुरं. इतक्या मोठ्या माणसाशी वाद घालायचं वय आमचं राहिलं नाही, पण इथे आम्हाला मराठी भाषा मदतीला येते. आपण म्हणतो, "कान्हेरीला जातो." आणि आपण म्हणतो, "जंगलात फिरतो." पाय तेच, रस्ताही तोच, पण क्रियापदं दोन. जाणाऱ्याला पोचावं लागतं. फिरणाऱ्याला पोचण्याची सक्ती नसते, पहिल्या पावलापासून त्याचं फिरणं चालू झालेलं असतं. ॲरिस्टॉटलने जे अपुरं म्हटलं ते जाणं. फिरणं त्याने वेगळं काढलं नाही, एवढीच आमची नम्र तक्रार.

गाडीचा दोष हाच की ती फिरण्याचं जाण्यात रूपांतर करते. आणि हे आम्ही अनुभवाने सांगतो. गाडी होती त्या वीस वर्षांत आम्ही कान्हेरीला सात-आठ वेळा तरी गेलो असू. फाटकापासून लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटर. गाडीने पंधरा-वीस मिनिटं, तीही पुढच्या गाडीच्या मागे-मागे. लेणी बघायची, डबा खायचा, परतायचं. एकदा नात बरोबर होती, पहिलीत असेल. घरी आल्यावर तिने 'आमची जंगलाची सहल' म्हणून चित्र काढलं. कागदभर गाड्यांची रांग, आणि गाड्यांच्या वर एक हिरवी रेघ. आम्ही हसलो, शेजाऱ्यांनाही चित्र दाखवलं. तिने हुबेहूब काढलं होतं हे कळायला आम्हाला आणखी बारा वर्षं लागली.

पहिल्या दिवसाची फजिती

गाडी गेल्यानंतर सहा महिने आम्ही कुठेच गेलो नाही. मग एका मंगळवारी चौघांनी ठरवलं, बघू तरी. सकाळची लोकल धरली, बोरिवलीला पूर्वेला उतरलो, तिथून पंधरा-वीस मिनिटं चालत महामार्ग ओलांडून फाटकाशी आलो. आता तर मेट्रो झाली आहे, महामार्गावरून जाणाऱ्या त्या मार्गावर 'राष्ट्रीय उद्यान' नावाचं स्थानकच आहे. तिकीट काढलं आणि चालायला लागलो. मनात मात्र जुनंच खूळ : कान्हेरीला पोचायचं.

सुरुवातीचा भाग बागेसारखा आहे. डावी-उजवीकडे सहलीला आलेली कुटुंबं, शाळेची मुलं. दहिसर नदी लागते. ही नदी तुळशी तलावाकडून येते, म्हणजे शहरात जिला आपण नाला समजतो तिचं बालपण इथे आहे. पुढे गर्दी विरळ होते आणि रस्ता हळूहळू चढणीला लागतो. गाडीत ही चढण कधी जाणवलीच नव्हती, गुडघ्यांना लगेच जाणवली. चार किलोमीटर झाले असतील नसतील, आमच्या सौभाग्यवतींनी ओढ्यावरच्या मोरीचा कठडा गाठला आणि बसकण मारली. म्हणाल्या, "आता मला उचलून न्या, नाहीतर सोडून जा."

पुढे जाणं शक्य नव्हतं, मागे जायला वेळ हवा होता. बसलो. पहिली दहा मिनिटं चिडचिडीत गेली. फार उशिरा निघालो, पाणी कमी आणलं, चूक कोणाची, वगैरे. मग बोलणं आपोआप थांबलं. आणि बोलणं थांबल्यावर लक्षात आलं की जंगल गप्प नव्हतं, आम्हीच बोलत होतो. कुठेतरी तांबट पक्ष्याची टुक-टुक चालली होती, तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तशी, एका लयीत. पाचोळ्यात काहीतरी सरसरलं. कोतवालांच्या जोडीमागोमाग सात-आठ जातींचे लहान पक्षी एकाच दिशेने झाडाझाडांतून सरकत गेले, एखादी दिंडी जावी तसे. एक सहकारी वनस्पतिशास्त्राचे. ते बोट दाखवून सांगू लागले : हा कळंब, ही शिवण, तो पांगारा, हा साग, आणि खाली उतारावर दाट वाढलीये ती कारवी.

कारवीची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. दरवर्षी पावसात हिरवी होते, उन्हाळ्यात काटक्या होते, आणि बऱ्याच वर्षांतून एकदा एकदम सगळा डोंगर जांभळा करते. मुंबईच्या या जंगलात ती 2008 साली फुलली, मग 2016 साली, मग 2024 साली. फुलून बी पडलं की ती पिढी मरते. आमच्या गाडीच्या वीस वर्षांत ती नक्की फुलली असणार. आम्ही तिच्या शेजारून, काचा वर करून, गेलो असणार.

तेवढ्यात वरच्या अंगाने एक बाई आल्या. उद्यानाच्या हद्दीत आदिवासी पाडे आहेत, वारली आणि कोकणा कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. डोक्यावर टोपली होती, काकड्या विकायला निघाल्या होत्या. आम्ही काकड्या घेतल्या आणि शहरी माणूस विचारतो तेच विचारलं : "ताई, भीती नाही वाटत? बिबटे आहेत ना?" त्या म्हणाल्या, "हायेत की. सांजच्याला आम्ही बोलत-बोलत चालतो. म्हणजे त्याला कळतं, माणूस येतंय."

आम्ही कान्हेरीला पोचलो नाही त्या दिवशी. तास-दीड तास त्या मोरीवर बसून उतरणीने परत आलो. संध्याकाळी मुलीचा फोन, "काय काय बघितलं?" आम्हाला सांगता येईना. पण पुढच्या मंगळवारी पुन्हा जायचं हे मात्र न बोलता ठरून गेलं होतं.

त्याला कळतं, माणूस येतंय

त्या ताईंचं वाक्य आम्ही नंतर फार वेळा आठवलं. 2015 साली या उद्यानात कॅमेरा-सापळे लावून पाहणी झाली, तेव्हा 35 वेगवेगळे बिबटे ओळखता आले. प्रत्येकाच्या ठिपक्यांची नक्षी निराळी असते, त्यावरून मोजतात. मुंबईसारख्या शहराच्या पोटाशी इतके बिबटे राहतात, आणि आपल्यापैकी बहुतेकांना आयुष्यात एकही दिसत नाही. याचा अर्थ काय? तो आपल्याला टाळतो. सबंध दिवस तो आपलं ऐकत असतो आणि बाजूला होत असतो. हे सहजीवन बहुतांशी त्याच्या सौजन्यावर चाललेलं आहे.

गाडीत बसलेला माणूस प्रेक्षक असतो. जे दिसेल ते त्याच्यासाठी दृश्य, आणि तो स्वतः कोणाच्याच दृश्यात नाही अशी त्याची समजूत. पायी चालणाऱ्याची ही समजूत टिकत नाही. वानर ओरडतं, चितळ मान वर करतं, आणि कळतं की बातमी पसरली आहे आणि बातमी आपण आहोत. तत्त्वज्ञानात ज्ञाता आणि ज्ञेय असे दोन शब्द आहेत, जाणणारा आणि ज्याला जाणायचं ते. जंगलात पायी गेल्यावर पहिल्यांदा जाणवतं की आपणही ज्ञेय आहोत. चाळीस वर्षं वर्गात शिकवलेली गोष्ट आम्हाला काकडीवाल्या ताईंनी एका वाक्यात सांगितली.

पाहुण्याचे काही नियम असतात, ते यातूनच निघतात. अंधार पडायच्या आत बाहेर. मुख्य वाट सोडायची नाही. लहान मूल बरोबर असेल तर ते मोठ्यांच्या मध्ये, मागे रेंगाळलेलं नको. माकडांना खायला द्यायचं नाही, त्यांच्या देखत पिशवीही उघडायची नाही. मोबाइलवर गाणी नाहीत. इथे कोणी म्हणेल, ताई तर बोलत चालतात. हो, पण बोलणं वेगळं आणि गोंगाट वेगळा. बोलण्यात 'आम्ही आलोय' अशी सूचना असते, गोंगाटात 'तुम्ही इथे नाहीच' असा दावा असतो.

लोहाराची वाट

आता कान्हेरी. तिसऱ्या खेपेला आम्ही शहाणे झालो आणि एक युक्ती सापडली : वर बसने जायचं, खाली चालत यायचं. उद्यानाच्या आतून लेण्यांपर्यंत बस जाते, तिच्या वेळा फाटकाशीच विचारून घ्याव्यात. लेण्यांशी उतरायचं, ताज्या पायांनी पायऱ्या चढायच्या आणि उतार पायी करायचा. गुडघे दुखणाऱ्यांनी उतरणीलाही काठी घ्यावी, उतरताना गुडघ्यांवर भार जास्त येतो. ज्यांना सायकल जमते त्यांना फाटकाजवळ भाड्याने सायकल मिळते. आणि ज्यांना अजिबात चालवत नाही त्यांनी बसने जाऊन बसनेच यावं, त्यात काही कमीपणा नाही. आमचा मुद्दा 'चालाच' असा नाही. मुद्दा इतकाच की पोचण्याची घाई गाडीबरोबर विकून टाकावी.

कान्हेरीत शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनाच्या आगेमागे सुरुवात झाली आणि जवळजवळ हजार वर्षं भिक्षूंची इथे वस्ती होती. नाव कृष्णगिरीवरून आलं, काळ्या पाषाणाचा डोंगर. तिसऱ्या क्रमांकाचा चैत्य आणि त्याच्या ओसरीतल्या दोन भव्य बुद्धमूर्ती सगळे बघतात, फोटो काढतात. आम्ही सांगू, त्याच्याही पलीकडे जा. लेण्यालेण्यापाशी कातळात खोदलेली पाण्याची टाकी बघा, त्यांना लेखांमध्ये 'पोढी' म्हटलं आहे. पाऊस अडवून वर्षभर पुरवायची सोय दीड-दोन हजार वर्षांपूर्वी केलेली. कातळातले बाक बघा. कातळातल्या पायऱ्या बघा.

भिक्षू इथे का राहिले? बुद्धाने भिक्षूंना फिरतं राहायला सांगितलं होतं, पण पावसाळ्याचे तीन महिने एका जागी थांबायचा नियम घातला, तो वर्षावास. कारण मोठं सुंदर आहे : पावसात कोवळं गवत उगवतं, बारीक जीव बाहेर पडतात, चालणाऱ्याच्या पायाखाली ते चिरडतात अशी लोकांची तक्रार होती. म्हणजे चालण्यातसुद्धा हिंसा होऊ शकते याचं भान ज्यांना होतं, त्यांची ही घरं. आज त्याच डोंगरात आपण किती वजनाचं वाहन नेतो याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

या लेण्यांना दान देणारे लोक सोपारा, कल्याण, नाशिक, चौल इथले होते. व्यापारी होते, सोनार होते, भिक्षुणीही होत्या. कोणी लेणं दिलं, कोणी पोढी दिली, कोणी शेत लावून दिलं. आणि एक लेख आहे कल्याणच्या एका लोहाराचा. त्याने काय दिलं? वाट. डोंगरातली एक वाट, हे त्याचं पुण्यदान. मूर्ती नाही, स्तूप नाही. येणाऱ्याच्या पायाला दगड लागू नये, इतकंच. आम्ही तो लेख पहिल्यांदा वाचला एका पुस्तकात, गाडीच्या काळात, आणि पान उलटलं. पायी उतरताना, गुडघा धरून एकेक पायरी मोजताना, त्या लोहाराचं दान काय होतं ते समजलं. आपण ज्याला गाडीविना येणं म्हणतो, त्याला या डोंगरात दोन हजार वर्षं नुसतं येणं म्हणत होते.

थोडं व्यवहाराचं

मोसमाचं सांगतो, कारण गाडीच्या काचेतून सगळे महिने सारखेच दिसतात. जून-जुलैत ओढे वाहतात, पण दगड शेवाळलेले असतात, आमच्या वयाच्यांनी डांबरी रस्ता सोडू नये. सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलं आणि फुलपाखरं. मोठं, काळं, पंखावर निळी झाक असलेलं दिसलं तर ते नीलवंत, आपल्या महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू. नोव्हेंबर ते जानेवारी पक्ष्यांसाठी उत्तम आणि चालायलाही सुखाचे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गळतात आणि काटेसावर, पळस, पांगारा पेटून उठतात. पानं नसल्यामुळे पक्षी सहज दिसतात. एप्रिल-मेमध्ये दहाच्या आत परतावं.

उद्यान सोमवारी बंद असतं. रविवारी गर्दी फार, म्हणून निवृत्तांनी आपली एकमेव श्रीमंती वापरावी : कामाचा दिवस. सकाळी लवकर आत शिरा. प्रत्येकी किमान दीड लिटर पाणी, टोपी, जुने झालेले बूट. नवे कोरे नकोत. ओळखपत्र आणि औषधं खिशात. रस्ता सोडून शिलोंढ्यासारख्या पायवाटेवर जायचं तर उद्यानाच्या निसर्ग माहिती केंद्रात चौकशी करून, परवानगी आणि वाटाड्या घेऊनच. स्वतःच्या हिकमतीवर जाऊ नका. आणि निघतानाच परतीची वेळ ठरवा, ठिकाण नको. "अकराला जिथे असू तिथून मागे फिरायचं." ही एक सवय लावली की बाकीचं आपोआप जमतं.

दोन प्रश्न

वेळ संपत आली आहे, दोन प्रश्न घेऊ. एका ताईंनी विचारलंय, बायकांनी एकट्याने जावं का? आम्ही सांगू, एकट्याने कोणीच जाऊ नये, पुरुषानेही नाही. किमान तिघं असावेत. एकाचा पाय मुरगळला तर एकाने थांबावं आणि एकाने मदत आणावी.

दुसरा प्रश्न तरुण मित्राचा, जरा तिखट आहे. "सर, तुमची गाडी गेली म्हणून तुम्हाला हे सुचलं. असती तर तुम्ही आजही गाडीनेच गेला असता ना?" (हशा) प्रश्न रास्त आहे. उत्तर : हो, बहुतेक गेलो असतो. आम्ही शहाणपणाने गाडी सोडली नाही, डोळ्यांनी सोडायला लावली. आणि त्यात काहीच गमावलं नाही असंही म्हणणार नाही. रात्री कोणी आजारी पडलं तर आजही गाडीची आठवण येते. पण ज्यांनी चिठ्ठी पाठवली त्यांना एवढं नक्की सांगता येईल की जंगल बघणं संपलेलं नाही. आमच्या बाबतीत तर ते गाडी गेल्यावर सुरू झालं. तुमच्याजवळ गाडी असेल, डोळेही शाबूत असतील, तर तुम्हाला आमच्यासारखं सत्तरीपर्यंत थांबायची गरज नाही. एका मंगळवारी ती घरी ठेवा.

चिठ्ठीवाल्या मित्रांनी आपला पत्ता दिला होता, बोरिवलीपासून लांब नाही. आम्ही त्यांना कळवलं आहे : येत्या मंगळवारी सकाळी सातला, बोरिवली पूर्वेला, तिकीट खिडकीपाशी. आता आम्ही पाच जण होऊ.